सावली कोंबड्यांच्या पसंतीस उतरवताना

कोंबडीला घाम येत नाही. घाम गाळायचं काम तिने मालकाकडे सोपवलेलं आहे. ती स्वतः चोच उघडून धापा टाकते, पंख अंगापासून सुटे धरते आणि तुऱ्यातून, गळ्याखालच्या लाल कल्ल्यांतून जमेल तेवढी उष्णता बाहेर सोडते. अंगाचं तापमान एरवीच ४१ अंशांच्या पुढे असतं, म्हणून पारा पस्तिशीपार गेला की तिचे हाल सुरू होतात. या धापांमध्ये रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर उडून जातो आणि अंड्याचं कवच पातळ पडतं. आपण मात्र खाद्यवाल्याला बोल लावत बसतो.

मग शेडनेट, म्हणजे सावलीची जाळी, येते. ती उत्साहाच्या भरात थेट खुराड्याच्या पत्र्यावर अंथरली जाते आणि दुपारी जाळीसकट पत्रा तापतो. जाळी आणि पत्रा यांच्यात किमान फूटभर मोकळी जागा हवी, वारा इकडून शिरून तिकडून निघाला पाहिजे. म्हणजे चार खांब आले, खड्डे आले, आणि कितीही मोजलं तरी एक खांब वाकडा आला. जाळीवर लिहिलेले ५०, ७५, ९० हे आकडे ती किती टक्के ऊन अडवते ते सांगतात. माझं मत ७५ ला. ९० ची जाळी डोक्यावर चालते, बाजूने लावली की वाराही अडवते. काळी जाळी स्वतः जास्त तापते, पांढरी किंवा चंदेरी कमी. ताडपत्रीचं नाव काढू नये. ती ऊन अडवते, वारा अडवते आणि पहिल्याच पावसात पोटात पाणी साठवून खाली बसते.

खरा छळ सूर्य करतो, कारण तो एका जागी थांबत नाही. बाराला खुराड्यावर बेतून बसवलेली सावली चारला शेजाऱ्याच्या कुंपणाला गारवा देत असते. हिशेब सोपा आहे: सूर्य ४५ अंशांवर उतरला की सहा फुटांवरच्या जाळीची सावली सहा फूट पलीकडे सरकते. म्हणून आधी खांब रोवू नयेत. जाळी बसणार त्या उंचीची एक काठी उभी करून दुपारी दोन, तीन आणि चारला तिच्या सावलीच्या टोकाशी वीट ठेवावी, मग खांबांच्या जागा ठरवाव्यात. जाळी चारही बाजूंनी दोन-तीन फूट बाहेर काढावी आणि पश्चिमेला पडद्यासारखी खाली सोडावी. हा पडदा जमिनीला टेकवू नये. खाली वीतभर फट ठेवली तर कोंबड्या बसतात त्या उंचीवरून वारा फिरतो.

बांधणीत खिळा हा शत्रू. जाळी खिळ्यापाशीच फाटते. कडेला दोरीवर दुमडून घ्यावी आणि दर दोन फुटांवर बांधावी. तीन बाजूंना नायलॉनची दोरी, चौथीला मुद्दाम साधी सुतळी. वादळात सुतळी तुटते, जाळी फडफडते, पण खांब उखडत नाहीत. कापलेल्या कडेचे सुटे धागे लगेच छाटावेत. कोंबडीच्या पायात धागा गुंतला की ती चालेल तसा आवळत जातो, आणि पाय सुजेपर्यंत लक्षातही येत नाही.

पाण्याची भांडी सावलीतच, आणि दोन ठिकाणी. एकच ठेवलं तर कळपातली दादा कोंबडी त्याच्यावर पहारा देते. उन्हाळ्यात एक कोंबडी अर्धा लिटरपर्यंत पाणी पिते, पण तापलेलं पाणी कमीच पिते. हवा कोरडी असेल तर खुराड्याजवळची माती भिजवावी. त्या गार मातीत कोंबड्या पोट टेकून बसतात. दमट हवेत मात्र शिंपडणं बंद. धापेतली वाफच उडेनाशी झाली तर धापा टाकून उपयोग काय?

एवढं सगळं झाल्यावर एखादी कोंबडी सावली सोडून भर उन्हात आडवी पडते, एक पंख नि एक पाय ताणून, थेट मेल्यासारखी. धावू नये. चोच मिटलेली असेल आणि जवळ गेल्यावर ती वैतागून उठत असेल तर ते ऊन खाणं आहे. चोच उघडी, मान ढिली आणि हलवूनही उठत नसेल, तर उचलून सावलीत न्यावी आणि पाय साध्या गार पाण्यात बुडवावेत. बर्फाचं पाणी नको.