शुगर-फ्री गुडदाणी नावाचा पदार्थ नसतो

संक्रांत पंधरा दिवसांवर आली की आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुडदाणीची, म्हणजे गुळाचा थर चढवलेल्या सुट्या काजू-बदामांची, एक रेसिपी फिरायला लागते. पाव किलो काजू-बदाम, दीडशे ग्रॅम सेंद्रिय गूळ, वर दोन चमचे मध; सगळं कढईत एकदम घालून पंधरा मिनिटं परतायचं. खाली ठळक अक्षरांत दावे: साखरेचा कणही नाही म्हणून शुगर-फ्री, डायबेटिस असलेल्यांनी बिनधास्त खावं, लोहाचा खजिना, मधाचे औषधी गुण, रसायनमुक्त, बाळगोपाळांना चॉकलेटऐवजी द्या, डब्यात तीन महिने टिकतं. मी घरून चिक्की-गुडदाणीच्या ऑर्डरी घेते. त्यामुळे चार जणी हा संदेश मला पाठवतात आणि पाचवी विचारते, "ताई, तुमची गुडदाणी शुगर-फ्री असते ना?"

नसते. गूळ म्हणजे आटवलेला उसाचा रस. त्यात ६५ ते ८५ टक्के सुक्रोज असतं, म्हणजे डब्यातल्या साखरेत असतं तेच, आणि वर थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज. मधात साधारण ८० टक्के साखरा आणि उरलेलं बहुतेक पाणी. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे पाकिटावर 'शुगर-फ्री' लिहायचं तर १०० ग्रॅम पदार्थात अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. या रेसिपीत १०० ग्रॅममागे ती तीसेक ग्रॅम तरी भरते. साठपट.

"पण ती नैसर्गिक साखर!" ऊसही नैसर्गिकच आहे की. रक्तात उतरताना ग्लुकोज कुठून आलं हे कुणी विचारत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली साखरेची मर्यादा सांगितली तेव्हा मधालाही वरून घातलेल्या साखरेच्याच रांगेत बसवलं: दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत, जमल्यास पाच. दोन हजार कॅलरींच्या आहारात पाच टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सहा चमचे. रेसिपीतल्या पदार्थाची एक मूठ, धरा ३० ग्रॅम, तोंडात टाकली की दोन चमचे संपले. आणि एका मुठीवर थांबणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

कॅलरींचंही तेच. दीडशे ग्रॅम गुळाऐवजी दीडशे ग्रॅम साखर घातली तर अख्ख्या डब्यात वीस-पंचवीस कॅलरींचा फरक पडतो. खरं वजन काजू-बदामांचं आहे, शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर कॅलरी. तरी त्यांच्या बाजूने एक गोष्ट बोलायलाच हवी: त्यातल्या स्निग्धांशामुळे आणि प्रथिनांमुळे सोबतची साखर रक्तात जरा सावकाश उतरते. हे श्रेय बदामाचं. संदेश मात्र ते गुळाच्या नावावर टाकतो.

लोहाच्या खजिन्याचं तर मला हसूच येतं. वेगवेगळ्या पोषणतक्त्यांत १०० ग्रॅम गुळात अडीच ते पाच मिलिग्रॅम लोह दिलेलं आढळतं. आपल्या मुठीत गूळ येतो अकरा ग्रॅम, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. प्रौढ बाईची रोजची गरज २०२० च्या भारतीय शिफारशींप्रमाणे २९ मिलिग्रॅम. त्याच मुठीतल्या काजूंत गुळापेक्षा जास्त लोह असतं, पण काजूला कुणी रक्तवर्धक म्हणत नाही, कारण ते आजीने सांगितलेलं नाही. रक्त कमी असेल तर तपासणी करून घ्या. गुडदाणीने ते भरून निघणार नाही.

मधाबाबत दोन उलटसुलट संदेश एकाच ग्रुपवर सुखाने नांदतात. एक म्हणतो, मधात परतल्याने औषधी गुण मुरतात. दुसरा म्हणतो, तापवलेला मध विष. आयुर्वेदात मध तापवू नये असं सांगितलेलं आहे, ज्याला ते पाळायचं त्याने जरूर पाळावं. पण भाजलेले मधाळ काजू खाऊन विषबाधेने कुणी आडवं पडलेलं नाही. कढईत मध तापला की त्यातली नाजूक विकरं (एन्झाइम्स) संपतात आणि उरतो तो सुगंधी पाक, एवढंच. चवीला उत्तम, औषध म्हणून शून्य.

रसायनमुक्त? गुऱ्हाळावर कधी गेला असाल तर काहिलीत भेंडीच्या चिकाने मळी वर काढताना पाहिलं असेल. ते जुनं आणि चांगलं काम. पण गिऱ्हाइकाला पिवळाधमक गूळ हवा असतो, आणि तो रंग यावा म्हणून हायड्रोस पावडर, म्हणजे रंग उजळवणारं रसायन, टाकणारेही असतात; रसात साखर मिसळणारेही. भौगोलिक मानांकन मिळालेल्या कोल्हापुरी गुळाच्या नावावर काय काय विकलं जातं ते बाजारात बघा. 'सेंद्रिय' हा शब्द छापायला फक्त शाई लागते. मी काळपट तांबूस ढेप घेते, आणि तरीही शपथ घेत नाही.

लहान मुलांचा मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही रूपात द्यायचा नाही. त्यात बोटुलिझम या गंभीर विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि कढईच्या उष्णतेने ते मरत नाहीत. अख्खे काजू-बदाम चार-पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, वर गुळाचा टणक थर असेल तर जास्तच. हा संदेश 'बाळगोपाळांना' म्हणून पुढे ढकलणाऱ्यांनी एवढं तरी वाचावं.

आता कृती, कारण माझा खरा राग तिच्यावर आहे. कच्चे बदाम, गूळ, मध एकत्र पंधरा मिनिटं परतले की गूळ जळून कडू होतो आणि बदाम आतून मऊच राहतात. बदाम आधी मंद आचेवर वेगळे भाजायचे. मग चमचाभर तूप, चमचाभर पाणी आणि गूळ. पाकाचा थेंब वाटीतल्या गार पाण्यात टाका. गोळी ताणली गेली तर अजून वेळ आहे, कट्‌कन मोडली तर झाला. गॅस बंद, चिमूटभर सोडा, भाजलेले दाणे आत, भराभर हलवून तूप लावलेल्या ताटात सुटे पसरवा. साधा गूळ वापरा. चिकीचा गूळ वडी धरायला ठीक, पण सुट्या दाण्यांना तो एकमेकांत गुंतवतो.

मध घातला की कुरकुरीतपणा जातोच. त्यातलं फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढतं आणि संध्याकाळपर्यंत दाणे बोटांना चिकटतात. गुळातही तो गुण थोडा आहे, म्हणून जुलैत मी ऑर्डरच घेत नाही. तीन महिने टिकण्याची बात मुंबईत करू नका. डबा घट्ट असला तर तीन आठवडे, पुढे काजू खवट लागतात. काही जणी पाकाऐवजी खजुराचा लगदा वापरतात. खजुरात तंतू असतात, ते चांगलंच, पण साखर त्यातही साठ टक्क्यांच्या वर. शिवाय लगद्यात ओल राहते आणि त्याचा कुरकुरीत थर कधीच होत नाही. मी एकदा केले, पाचव्या दिवशी बुरशी. खजुराचे सरळ लाडू वळा.

माझं प्रमाण पाव किलोला साठ-सत्तर ग्रॅम गूळ, थोडी सुंठ, किंचित मीठ. थर पातळ बसतो, बदामाची चव कळते. डायबेटिस असलेलं कुणी मागायला आलं तर मी भाजलेले मीठ-मिरपूड बदाम पुढे करते. भाव तोच.