मामांचा तो एक फटका आणि ग्रुपवरचे अकरा जण

आज सकाळपासून मन अस्वस्थ आहे आणि हे लिहून टाकल्याशिवाय ते शांत होणार नाही. नाशिकला राहणाऱ्या माझ्या मामांनी गेल्या रविवारी गोल्फमध्ये होल-इन-वन मारला, म्हणजे टीवरून (सुरुवातीच्या जागेवरून) मारलेला पहिलाच चेंडू थेट होलमध्ये गेला. क्लबातल्या सोबत्यांनी त्यांना हार घातला, प्रमाणपत्र दिले, आणि तो फोटो मी मोठ्या अभिमानाने आमच्या शाळेच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर टाकला. त्यावर जळगावातल्याच एका मित्राने लिहिले, ‘चेंडू खड्ड्यात पडला म्हणून सत्कार? इकडे कपाशीला भाव नाही आणि यांचे सोहळे बघा.’ त्याखाली अकरा जणांनी हसण्याचे चिन्ह टाकले. मी मोजले, अकरा.

मामा कोण आहेत ते आधी सांगतो. यावल तालुक्यात केळीच्या बागेला रात्री-बेरात्री पाणी भरत वाढलेला माणूस. नोकरीत बदली होऊन नाशिकला गेला आणि तिथलाच झाला. पन्नाशीच्या आसपास एका सहकाऱ्याने त्यांना गोल्फच्या मैदानावर नेले, त्यांनी कोणाचा तरी वापरलेला सेट विकत घेतला, आणि आज वयाच्या 63 व्या वर्षापर्यंत दर रविवारी पहाटे ते तिथे जातात. इतक्या वर्षांत एकही स्पर्धा त्यांनी जिंकलेली नाही. घरात कपाट भरून कप नाहीत, भिंतीवर फोटो नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या गळ्यात खेळासाठी हार पडला आणि तो आपल्या माणसांना खुपला.

तो फटका कसा होता, ते मामांनी मला फोनवर तीनदा सांगितले आणि मी तिन्ही वेळा तितक्याच ओढीने ऐकले. 138 यार्डांचा पार-थ्री (तीन फटक्यांत पुरा करणे अपेक्षित असलेला होल), हातात सहा नंबरची आयर्न (लोखंडी डोक्याची स्टिक), समोर किंचित चढ, त्यामुळे टीवरून झेंडा दिसतो पण होल दिसत नाही. चेंडू ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पडलेला दिसला, एक टप्पा घेतला आणि नाहीसा झाला. चौघेही ग्रीनच्या मागच्या गवतात शोधत राहिले. शेवटी कॅडी, म्हणजे खेळाडूची बॅग वाहणारा मुलगा, झेंड्यापाशी गेला, वाकला आणि तिथूनच म्हणाला, ‘काका, इकडे या. मी हात लावलेला नाही.’ झेंड्याची काठी आणि होलची कड यांच्यामध्ये चेंडू अडकलेला होता, थोडा आत, थोडा वर. त्या मुलाला नियम ठाऊक होता. 2019 पासूनच्या नियमानुसार, होलमधल्या काठीला टेकलेल्या चेंडूचा कोणताही भाग ग्रीनच्या पातळीखाली असला की तो चेंडू होलमध्ये गेला असे धरतात. चौघांनी गुडघे टेकून तो पाहिला आणि मगच मामांनी तो उचलला.

होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. हौशी खेळाडूच्या बाबतीत असा फटका साधारण 12,500 प्रयत्नांत एकदा साधतो असे मानले जाते, आणि जन्मभर खेळूनही तो न साधलेले असंख्य लोक आहेत. यात नशिबाचा वाटा मोठा आहे, हे मी नाकारत नाही. पण नशीब उघडल्यावर पेढे वाटायचे नाहीत, अशी रीत आपल्याकडे कधीपासून आली?

आणि कपाशीचे दुःख मला कोणी सांगू नये. आमच्याही घरी कपाशी वेचली जाते, आमचेही गाठोडे त्याच काट्यावर मोजले जाते. गोल्फच्या मैदानाला पाणी फार लागते आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे मला मान्य आहे. पण तो जाब मैदान चालवणाऱ्यांना विचारा, मामांच्या गळ्यातल्या हाराला नव्हे. ज्यांच्या वाढदिवसाला चौकाचौकात फ्लेक्स लागतात आणि रात्रभर डीजे वाजतो, त्यांच्या मिरवणुकीत तुम्ही पुढे होऊन नाचता, तेव्हा कपाशीचा भाव कोणाला आठवत नाही. एका साध्या माणसाच्या आनंदावर मात्र तुम्हाला एकदम शेतकरी आठवतो. याचा मला संताप येतो.

ज्या मित्राने हे लिहिले, त्याने नववीत असताना शाळेच्या मैदानावर शेवटच्या चेंडूवर षटकार मारला होता आणि चेंडू भिंतीपलीकडच्या शेतात गेला होता. गेली तीस वर्षे प्रत्येक भेटीत तो हे सांगतो आणि आम्ही ऐकतो, कारण तेव्हा आम्ही तिथे होतो. मामांच्या सोबत्यांनी याहून वेगळे काय केले? एकट्याने खेळताना असा फटका बसला तर क्लब सहसा तो मानत नाहीत. पाहणारा कोणीतरी लागतो, स्कोअरकार्डावर दुसऱ्याची सही लागते. त्या कॅडीने हाक मारली, तिघांनी वाकून पाहिले, म्हणून तो फटका झाला. हार घालणारे तेच तिघे होते.

2007 मध्ये अमेरिकेत एल्सी मॅक्लीन या आजींनी वयाच्या 102 व्या वर्षी होल-इन-वन मारला होता. त्यांनाही कोणी विचारले असेल का, की याचे काय एवढे?

लिहिता लिहिता राग थोडा ओसरला आहे, तेव्हा एक गोष्ट सांगतो जी तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत नसेल. या खेळात ज्याने होल-इन-वन मारला, त्यानेच क्लबातल्या सर्वांना पाजायचे असते. जपानमध्ये तर या खर्चापोटी लोक विमा उतरवतात. मामा माळकरी आहेत, त्यांनी कधी दारूला हात लावला नाही. त्यांनी त्या दिवशी सर्वांना हात जोडून सांगितले की, मी तुम्हाला माझ्या गावाकडचे भरीत खाऊ घालतो.

दुपारी त्यांचा फोन आला. ग्रुपवर काय झाले, हे त्यांना माहीत नाही आणि मीही सांगितले नाही. ‘बामणोदची वांगी बाजारात यायला लागली का रे?’ एवढेच त्यांनी विचारले. वीस किलो वांगी हवी आहेत, भाकरीसाठी कळण्याचे (ज्वारी-उडदाचे) पीठ हवे आहे, आणि भाजायला तुरीच्या काड्याही इकडूनच आण म्हणाले, कारण गॅसवर भाजलेले भरीत ते कोणाला देणार नाहीत. दोन किलो वांगी वेगळी बांधायची आहेत, ती त्या कॅडीच्या घरी द्यायची आहेत.

शनिवारी पहाटे मी बामणोदला जाऊन वांगी घेणार आणि तसाच नाशिकला निघणार आहे. गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. त्या अकरा जणांपैकी कोणाला यायचे असेल, तर शुक्रवारी रात्रीपर्यंत मला फोन करावा.