प्रॉटेस्टंटाला कॅथलिक होताना पुन्हा बाप्तिस्मा? नाही

‘प्रॉटेस्टंट माणूस कॅथलिक झाला की पुन्हा बाप्तिस्मा, म्हणजे जुना खोटाच,’ असा मेसेज फिरतोय. चूक आहे. पाणी आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने’ हे शब्द असले की तो बाप्तिस्मा कॅथलिक चर्च मानतं. उलट, प्रवेशाआधी पापनिवेदन करायला सांगतात, आणि ते बाप्तिस्मा झालेल्यालाच करता येतं! मग विश्वासाची जाहीर कबुली, दृढीकरण (बाप्तिस्म्याला पूर्णत्व देणारा संस्कार), कम्युनियन (प्रभुभोजन).

गोंधळ जुन्या रिवाजामुळे असावा. ९ ऑक्टोबर १८४५ ला ऑक्सफर्डजवळच्या लिटलमोरला इंग्लंडमधले प्रॉटेस्टंट धर्मपंडित जॉन हेन्री न्यूमन कॅथलिक झाले, तेव्हा आदल्या रात्री पावसात चिंब भिजून आलेल्या कॅथलिक धर्मगुरू फादर डॉमिनिक बार्बेरींनी त्यांना ‘आधी झाला नसेल तर’ अशा अटीवर बाप्तिस्मा दिला होता. आता कॅथलिक चर्चच्या कायद्यांच्या, १९८३ च्या धर्मसंहितेच्या ८६९ व्या कलमानुसार, चौकशीनंतरही खरीच शंका उरली तरच तसा देतात.