‘शाळेतच मिटवा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘गुरुजनांना वाचवा’ नावाचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. विद्यार्थिनींनी शिक्षकांवर केलेल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बहुतेक खोट्याच असतात, पॉक्सो कायद्याने (अठरा वर्षांखालच्या मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या) मास्तरांचं जगणं मुश्कील केलंय, तेव्हा असं काही कानावर आलं तर पोलिसांत न जाता शाळेतच मिटवावं, असा त्याचा एकूण सूर. एरवी मी असल्या मेसेजकडे ढुंकूनही बघत नाही. पण हा आमच्या घरच्या ग्रुपवर मावशीने टाकला. ती स्वतः मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली. त्याखाली वहिनीने लिहिलं, "अगदी खरंय. आमच्या बाईसाहेबांनाही आज समज देते, सरांबद्दल उगाच काही बोलायचं नाही." बाईसाहेब नववीत आहेत. त्यांना ही समज मिळण्याआधी उत्तर देणं भाग आहे.

"पॉक्सोच्या ९० टक्के केसेस खोट्या, आरोपी सुटतात यावरूनच कळतं." हा ९० आकडा आला कुठून, याचा पत्ता नाही. कोर्टातून सुटणं आणि तक्रार खोटी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षं तारखा पडतात, साक्षीदार फितूर होतात, तोवर मुलगी गाव सोडून गेलेली असते. शिवाय सुटलेले सगळे काही शिक्षक नसतात. बंगळूरच्या एन्फोल्ड संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले ७,०६४ निकाल तपासले. त्यातली जवळजवळ चौथा हिस्सा प्रकरणं प्रेमसंबंधांची निघाली आणि त्यात बहुतेक आरोपी सुटले. घरच्यांना न पटलेल्या प्रेमाचे हे निकाल मास्तरांच्या निर्दोषपणाच्या खात्यात कसे जमा झाले? नव्वदचा आकडा हवाच असेल तर तो दुसरीकडे सापडतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत, मुलांवरच्या बलात्काराच्या पॉक्सो प्रकरणांपैकी ९० टक्क्यांहून जास्त ठिकाणी आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो.

"मार्क कमी दिले की मुली तक्रारीची धमकी देतात." मार्क कोणाच्या हातात असतात, हे एकदा ठरवा. प्रॅक्टिकलचे, तोंडी परीक्षेचे, अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क सर देतात. जर्नलवर सही सरांची लागते. स्नेहसंमेलनात कोण निवेदन करणार, स्पर्धेला कोण जाणार, हेही तेच ठरवतात. आणि सुरुवात बहुतेक वेळा अंगाला हात लावण्यापासून होत नाही. आधी सगळ्या वर्गात एकीचंच कौतुक होतं. मग "तुझं जर्नल अपूर्ण आहे, सुटल्यावर घेऊन ये", मग रात्री अकराला "झोपलीस का?" असा मेसेज, मग "आपलं बोलणं घरी सांगू नकोस, त्यांना कळणार नाही". एकेक पायरी इतकी छोटी असते की तक्रार करायची तर नेमकी कशाची, हेच मुलीला उमजत नाही. तोवर ‘सरांची लाडकी’ म्हणून मैत्रिणीही लांब गेलेल्या असतात. "इतके महिने गप्प का बसली?" हा मेसेजमधला पुढचा टोमणा. त्याचं उत्तर यातच आलं. शिवाय अशा गंभीर गुन्ह्यांच्या तक्रारीला कायद्याने मुदत घातलेली नाही.

"पाठीवर शाबासकीची थाप दिली तरी जेल." नाही. पॉक्सोच्या कलम ७ मध्ये लैंगिक हेतू हा शब्दच घातलेला आहे. पुढे.

आता एक कबूल करतो, जिवावर येतंय तरी. "खोटी तक्रार करणाऱ्या मुलाला या कायद्यात शिक्षा नाही" असं मेसेजमध्ये म्हटलंय आणि ते बरोबर आहे. कलम २२ मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मेसेज लिहिणाऱ्याने फक्त त्याच कलमाचा त्याआधीचा भाग गाळला: कोणाला छळायला, बदनाम करायला मोठ्या माणसाने खोटी तक्रार केली तर त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. संस्थेच्या राजकारणात एखाद्या शिक्षकाचा असा बळी जाऊ शकतो, हेही मान्य. पण खरंखोटं करायचं ते तपासात आणि कोर्टात. व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच निकाल लावून कसं चालेल?

सगळ्यात घातक ओळ शेवटून दुसरी आहे. "असा प्रकार घडल्यास आधी संस्थाचालकांना भेटा. शिक्षकाला समज द्या, माफी घ्या, विषय संपवा. पोलिसांत गेल्याने मुलीचंच नाव खराब होतं."

हे मिटवणं कसं चालतं ते मावशी, तुलाही ठाऊक आहे. संस्थेच्या ऑफिसात अध्यक्ष, सचिव, मुख्याध्यापक बसलेले. एका बाजूला सर, खाली मान घालून. दारापाशी मुलीचे वडील, हात जोडल्यासारखे, कारण धाकटाही त्याच शाळेत आहे. मुलीला आत बोलावून सगळ्यांदेखत विचारतात, "नेमकं काय झालं, सांग." ती रडते. कोणीतरी म्हणतं, "सर तिला मुलीसारखं मानतात हो." अर्ध्या तासात कागद तयार होतो: ‘गैरसमजातून तक्रार झाली होती, आता काही म्हणणं नाही.’ सरांची बदली संस्थेच्याच दुसऱ्या शाळेत होते. तिथेही नववीचा वर्ग असतो.

असाच एक कागद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि तिथे फाटला. राजस्थानात जानेवारी २०२२ मध्ये एका शिक्षकावर अल्पवयीन विद्यार्थिनीशी लैंगिक गैरवर्तन केल्याचा गुन्हा नोंदला गेला. पुढे मुलीच्या वडिलांकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं गेलं की गैरसमज झाला होता, कारवाई नको. फेब्रुवारीत राजस्थान उच्च न्यायालयाने तडजोड झाली म्हणून गुन्हाच रद्द केला. याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुलीचे नातेवाईकही नव्हते, त्रयस्थ माणसं होती. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी न्या. सी. टी. रविकुमार आणि न्या. संजय कुमार यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. विद्यार्थिनीवर शिक्षकाने केलेला असा गुन्हा ही दोन माणसांमधली खाजगी बाब नाही, तो समाजाविरुद्धचा गुन्हा आहे, दोघांनी आपसात मिटवला म्हणून तो खटला रद्द होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ आहे. म्हणजे वडिलांनी सही केली तरी नाही. मग संस्थाचालक कोण लागून गेले?

उलट मिटवणारेच अडकतात. पॉक्सोच्या कलम १९ प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती ज्याला मिळेल त्याने ती पोलिसांना कळवायलाच हवी. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर कलम २१ खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या शाळा-वसतिगृहातल्या मुलींच्या प्रकरणात माहिती न कळवल्याबद्दल एका डॉक्टरवर गुन्हा होता. उच्च न्यायालयाने तो रद्द केला, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा जिवंत केला. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला मात्र कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. आणि पोलिसांत गेलं म्हणजे मुलीला चौकीच्या बाकावर बसवतात, असंही नाही. जबाब तिच्या घरी घेता येतो, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. प्रत्यक्षात हे दरवेळी पाळलं जात नाही. म्हणून हे नियम आपल्यालाच माहीत हवेत.

‘गुरूला इतरांसारखं वागवू नका’ असं मेसेजला वाटतं. कायदाही तसं वागवत नाहीच. लैंगिक हल्ल्याला, म्हणजे लैंगिक हेतूने अंगाला हात लावण्याला, एरवी ३ ते ५ वर्षं शिक्षा आहे, तोच शिक्षकाने आपल्या शाळेतल्या मुलावर केला तर ५ ते ७.

कॉलेजबद्दल एकच ओळ आहे, "अठरा पूर्ण झाल्यावर संमतीने असतं." अधिकाराचा गैरफायदा घेऊन आपल्या ताब्यातल्या स्त्रीला शरीरसंबंधांसाठी फूस लावणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ६८ खाली गुन्हा आहे, तो बलात्काराच्या व्याख्येत बसत नसला तरी, ५ ते १० वर्षांचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार तक्रार झाल्यावर त्या प्राध्यापकाला तक्रारदाराचे पेपर तपासण्यापासून लांब ठेवता येतं. पीएचडीच्या गाइडची एक सही अडली तर काय होतं, हे ज्याने भोगलंय त्याला या नियमाची किंमत कळेल.

शेवटची गोष्ट मेसेजमधल्या ‘उदाहरणा’ची. त्यात एका मुलीचा किस्सा आहे: शाळेचं नाव, गाव, इयत्ता, वडिलांचा धंदा. नाव तेवढं गाळलंय. पॉक्सोच्या कलम २३ मध्ये पीडित मुलाची शाळा, कुटुंब, शेजार यातलं काहीही माध्यमांतून उघड करायला बंदी आहे, त्यासाठी सहा महिने ते एक वर्ष कैद, दंड किंवा दोन्ही आहे. त्या गावात त्या इयत्तेत किती मुली असतील? मावशी, तू तो मेसेज आणखी दोन ग्रुपवर टाकलायस, तिथूनही काढ. आणि ज्याने तुला पाठवला त्यालाही काढायला सांग, फोन करून सांग.