घरबसल्या डिग्री? घरी बसायला मिळतं कुणाला!

गेल्या महिन्यात भावकीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच बचतगटाच्या ग्रुपवर, मग शाळेच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर. मजकूर असा : “कॉलेजला जाऊन वेळ आणि पैसा कशाला घालवता? मोबाईलवर घरबसल्या कोणतीही डिग्री. हजेरी नाही, खर्च नाही, वेळेचं बंधन नाही, परीक्षा सोपी. मान्यता रेग्युलर डिग्रीइतकीच. कर्मवीर अण्णांचं ‘कमवा आणि शिका’ आज आरामात साकार!” खाली जोडलेले हात आणि पदवीची टोपी.

मी सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, द्राक्षबागायतदाराच्या घरात दिलेली. बारावीनंतर अकरा वर्षांनी पुन्हा पुस्तक हातात धरलं आणि बी.ए., एम.ए. दोन्ही ‘बाहेरून’ केलं. आता गावातल्या पोरीबाळींचे फॉर्म भरून देते. दूरशिक्षणाला नावं ठेवायला मी बसलेली नाही. ते नसतं तर माझं शिक्षण बारावीच्या मार्कशीटवरच थांबलं असतं. माझं भांडण त्या ‘आरामात’शी आहे.

पहिला शब्द ‘घरबसल्या’. ऑनलाइन तास संध्याकाळी आठचा असायचा, कारण नोकरदारांना तोच सोयीचा. आमच्याकडे आठ म्हणजे भाकरीची वेळ. फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवायचा, एका कानात इअरफोन, दुसरा कान तव्याकडे. मॅडमनी मागची स्लाईड पुन्हा दाखवावी असं वाटायचं, पण विचारायचं तर माईक सुरू करायचा आणि दोन्ही हात पिठात. तेवढ्यात सासूबाई, “मोबाईलच बघत बसलीस व्हय गं?” त्यांचं चुकत नव्हतं. लांबून बघणाऱ्याला तास आणि सिरियल सारखीच दिसते. कॉलेजला गेलेल्या मुलीला वर्गातून उठवून कुणी चहा टाकायला सांगत नाही. घरी शिकणारी बाई मात्र सगळ्यांच्या हाताशी असते. म्हणून मी पुढे एक युक्ती केली. मोबाईल सोडला आणि छापील पुस्तक उघडं ठेवून बसायला लागले. पुस्तक दिसलं की माणसं जरा बिचकतात.

‘वेळेचं बंधन नाही’ हे तर हिशेबातच बसत नाही. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठात एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास. तिथल्या जुन्या रचनेतल्या साध्या बी.ए.चे क्रेडिट होते १३२. गुणाकार केला तर ३,९६० तास होतात. तीन वर्षांत पदवी हवी तर सणवार, लगीनसराई, पोरांचं आजारपण सगळं धरून रोज साडेतीन तासांच्या वर अभ्यास. सवलतीची पूर्ण सहा वर्षं घेतली तरी रोज पावणेदोन तासांच्या वर. शिवाय परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये ठरलेल्या, आणि स्वाध्याय त्याआधी हातानं लिहून द्यायचे.

आता डिसेंबर तासगावात कसा असतो ते सांगते. ऑक्टोबरात छाटणी झालेली असते. डिसेंबरात घडांची विरळणी, डिपिंग म्हणजे घड औषधात बुडवणं, बायकांच्या टोळ्या मिळवण्यासाठी ओढाताण. ढग आले की दावण्या या बुरशीरोगाच्या धास्तीनं घरातल्या कुणाला झोप नसते. रात्रपाळीची लाईट असली की मोटर चालू करायला कुणीतरी जागायचं. मी दोनदा असं केलं की मोटर मी चालू करते म्हणाले आणि तेवढ्यात एक प्रकरण वाचलं. वेळापत्रक बनवणाऱ्याला आमच्या बागा ठाऊक असाव्यात अशी अपेक्षा नाही. पण मग बंधन नाही असं म्हणू नये.

हजेरीचंही तेच. पूर्ण ऑनलाइन पदवी असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२०च्या नियमांप्रमाणे अंतिम परीक्षेला बसायला उपक्रमांत ७५ टक्के सहभाग लागतो. हजेरीपुस्तक दिसत नाही एवढंच. लॉगिन कोण मोजतंय ते तुम्हाला कळत नाही, पण मोजलं जातं.

कर्मवीरांचं नाव या मेसेजात घातलंय त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. गांधीजींनी १९२७ साली त्याला श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस हे नाव दिलं. म्हणजे अण्णांनी आधी काय केलं? गोरगरिबांची पोरं घरातून उचलून एका छपराखाली आणली. जातीपातीची पोरं एका पंगतीत बसवली. कष्ट तर होतेच, पण कष्ट करणारा शेजारी होता, एकाला आलं नाही तर दुसऱ्यानं सांगायचं होतं, पहाटे उठवणारं कुणीतरी होतं. ‘कमवा आणि शिका’ हे सोबतीनं शिकायचं काम होतं. आम्हाला मिळतं ते ‘कमवा, रांधा आणि एकट्यानं शिका’. मला एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी अभ्यासकेंद्रावर पलूसकडची एक बाई भेटली, तिचा नंबर घेतला. ती दर रविवारी फोन करायची, “किती झालं?” तिच्या त्या दोन शब्दांच्या धाकानं जेवढं वाचून झालं तेवढं सगळ्या व्हिडिओंनी मिळून झालं नाही.

कॉलेज हे नुसतं शिकवत नाही, अर्धी कामं आपल्या वतीनं करतं. तासाची घंटा, मैत्रिणीची वही, नोटीस बोर्ड, खिडकीतला क्लार्क. बाहेरून शिकताना ही सगळी माणसं आपणच व्हायचं असतं. ‘आरामात’ असा डंका पिटल्यानं होतं काय, की बाई मागं पडली की घरचे म्हणतात, एवढं सोपं ते हिला जमेना. आणि तीही तेच मानून बसते. एमआयटी आणि हार्वर्ड या अमेरिकेतल्या बड्या विद्यापीठांचे एडएक्स या संकेतस्थळावरचे कोर्स घ्या. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या शंभरांतल्या जेमतेम तिघांनी ते पूर्ण केले. ते फुकटचे कोर्स, पदवी नव्हे, त्यामुळे तुलना फार ताणायची नाही. पण प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांतलेही निम्म्याहून जास्त अर्ध्यावरच राहिले. एवढी शिकलीसवरली माणसं गळतात, तर जतच्या नाहीतर आटपाडीच्या पोरीनं स्वतःला मठ्ठ का म्हणावं?

परीक्षा सोपी? मोजून सत्तर टक्के वजन सत्राअखेरच्या परीक्षेला असतं, आणि माझ्या परीक्षा तरी केंद्रावर जाऊन, तीन तास पेन चालवून झाल्या. अकरा वर्षांत मी किराणाच्या यादीपलीकडे काही लिहिलं नव्हतं. पहिल्या पेपरला चौथ्या पानावर अंगठा आखडला. उत्तर येत होतं, हात येत नव्हता. पुढच्या वर्षी परीक्षेच्या महिनाभर आधीपासून रोज दोन पानं वर्तमानपत्रातलं उतरवून काढायला लागले, अगदी दुसरीतल्या पोरासारखं. हा सल्ला मी आता फॉर्म भरतानाच देते. आणखी एक कबुली. झेरॉक्सच्या दुकानात तयार स्वाध्याय मिळतात. विरळणीच्या दिवसांत मी एकदा त्यातला उतरवून दिला. गुण बरे पडले. परीक्षेत नेमका त्यातलाच प्रश्न आला आणि मला एक ओळ आठवेना.

खर्च नाही, यावर फार बोलत नाही. फी कॉलेजपेक्षा कमी असते हे खरं. एसटी, झेरॉक्स, रिचार्ज आणि बुडालेली मजुरी हे कुणी धरत नाही.

पण एक खर्च कुठल्याच माहितीपत्रकात नसतो, तो नावाचा. २०२४ पासून दूरशिक्षणाला प्रवेश घ्यायचा तर यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोचा डीईबी आयडी लागतो, त्यासाठी विद्यार्थ्याचे क्रेडिट जमा ठेवणाऱ्या खात्याचा एबीसी आयडी लागतो, आणि हे सगळं आधारवरून निघतं. बारावीच्या मार्कशीटवर नाव माहेरचं, आधारवर सासरचं. माझ्या धाकट्या जावेचं तर एका कागदावर स्पेलिंगच वेगळं. मग प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, कुणाला राजपत्र. त्यात आधारला जोडलेला मोबाईल नंबर दिराचा. ती तासगावात फॉर्म भरायला बसली की ओटीपी जायचा बागेत, फवारणीच्या ट्रॅक्टरवर, जिथं फोन डब्याच्या पिशवीत. दीर आकडे सांगेपर्यंत वेळ संपलेली. तीन हेलपाटे झाले. चौथ्यांदा दिरालाच शेजारी बसवलं.

माझ्या वेळी हे आयडी नव्हते, पण एका स्वाध्यायाचे गुण निकालात चढलेच नाहीत. सात महिने ईमेल आणि फोन. कॉलेजात असते तर खिडकीपाशी उभी राहून भांडले तरी असते.

राहिली डिग्रीची मान्यता. इथं मेसेज खरा आहे, आणि ते कबूल करायला हवं, कारण ‘बाहेरून केलंय’ म्हणून नाक मुरडणारेही कमी नाहीत. मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त, दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीनं सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. ज्यांच्या नावानं नाशिकला १९८९ साली मुक्त विद्यापीठ झालं ते यशवंतराव चव्हाण आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्यात जन्मले. तिथल्या पोरीनं तिथल्या माणसाच्या नावाची पदवी घेताना खाली मान घालायचं कारण नाही.

‘कोणतीही डिग्री’ मात्र साफ खोटं. इंजिनिअरिंग, वैद्यकीय, कायदा, शेती यांच्या पदव्या या मार्गानं देता येत नाहीत, पीएच.डी.ही नाही. विद्यापीठानं आपलं काम दुसऱ्याला चालवायला द्यायच्या फ्रँचायझी पद्धतीलाही बंदी आहे. त्यामुळे स्टँडसमोरच्या गाळ्यात फ्लेक्स लावून ‘सहा महिन्यांत पदवी’ म्हणणाऱ्याला पैसे देण्याआधी यूजीसीच्या दूरशिक्षण ब्युरोच्या संकेतस्थळावर यादी बघायची. विद्यापीठाचं नाव दिसलं म्हणून थांबायचं नाही. आपला अभ्यासक्रम आणि आपलं प्रवेशसत्र, दोन्ही त्यात हवीत.

जावेचा पहिला पेपर डिसेंबरात आहे, दुपारी दोन ते पाच, सांगलीला. सुटल्यावर एसटी मिळून तासगावला उतरेपर्यंत अंधार पडणार, आणि पुढं वस्तीपर्यंत चार किलोमीटर. मेसेज टाकणारे काका त्याच रस्त्यावर राहतात, गाडी आहे. सहा पेपरांच्या सहा तारखा लिहून न्यायला याल का, म्हणून ग्रुपवर विचारलंय. वाचलंय सगळ्यांनी.