लाल तारा गरम आणि निळा थंड? अहो, बरोब्बर उलटं आहे

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, की लाल तारे सगळ्यात गरम, निळे थंड, जो तारा जास्त चमकतो तो जास्त गरम नाहीतर जवळचा, आणि तसंही ताऱ्यावर कोणी गेलेलंच नाही त्यामुळे तापमानाचे आकडे म्हणजे नुसते अंदाज. ताऱ्यावर कोणी गेलेलं नाही एवढंच खरं, बाकी यातलं एकही वाक्य खरं नाही.

आधी रंग. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, ताऱ्यांचंही तसंच, फक्त ते त्याच्याही पुढे निळसर होतात. मृग नक्षत्रात बघा ना, तांबूस काक्षी साधारण 3,500 केल्विन आणि निळसर पांढरा राजन्य 12,000 च्या आसपास, आपला सूर्य मध्ये कुठेतरी 5,800 ला. फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो!

मग थंड असून काक्षी एवढा चमकतो कसा? आकारामुळे. त्याच्या पृष्ठभागाचा एक चौरस मीटर सूर्याच्या तेवढ्याच भागाच्या सातवा-आठवा हिस्साच ऊर्जा टाकतो, पण तारा सूर्यापेक्षा शेकडो पट रुंद आहे, सगळी कसर तिथे भरून निघते. आणि उलटं उदाहरण म्हणजे व्याधाचा जोडीदार, तापमान तब्बल 25,000 केल्विन पण आकार जेमतेम पृथ्वीएवढा, म्हणून व्याधापेक्षा जवळपास दहा हजार पट मंद दिसतो. हर्ट्झस्प्रुंग आणि रसेल या खगोलशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताऱ्यांच्या आलेखात तापमान एका अक्षावर आणि तेज दुसऱ्या अक्षावर असतं, एकावरून दुसरं ठरत नाही.

जवळचा म्हणून चमकतो म्हणाल तर सूर्य सोडून सगळ्यात जवळचा तारा, प्रॉक्सिमा सेंटॉरी, दुर्बिणीशिवाय दिसतच नाही.

आता 'नुसते अंदाज'. हे वाचून खरंच वाईट वाटतं, कारण खगोलशास्त्रज्ञ ॲनी जंप कॅननने लाखो ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे प्रकाश रंगांत फाकवून मिळणारे पट्टे, एकेक करून तपासले, ओ बी ए एफ जी के एम हा ताऱ्यांच्या प्रकारांचा गरमकडून थंडकडे जाणारा क्रम त्यातूनच पक्का झाला. वर्णपटातल्या हायड्रोजनच्या काळ्या रेषा 10,000 केल्विनच्या आसपास सगळ्यात ठळक असतात, तापमान कमी असेल तर त्या रेषा उमटवण्याइतकी ऊर्जा फारच थोड्या अणूंकडे असते आणि खूप जास्त असेल तर इलेक्ट्रॉन सुटूनच जातो, दोन्हीकडे रेषा फिकट. कुठल्या तापमानाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटतात याचं गणित भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांनी 1920 मध्ये मांडलं. तारा आणि आपल्या मधली अवकाशातली धूळ हिशोबात धरली की रंगावरून येणारा आकडा आणि रेषांवरून येणारा आकडा एकमेकांशी जुळतो, आणि हे दोन्ही मोजायला ताऱ्यावर जावं लागत नाही, त्याचा प्रकाश पुरतो.