तांब्याचा गुंड (पाणी भरायचं मोठं भांडं) हिरवा पडला म्हणून पाणी शुद्ध होत नाही

“शुद्ध तांबं कधीच काळं-हिरवं पडत नाही, पडलं तर दुकानदारानं भेसळ विकली. हिरवा थर म्हणजे भांड्यानं पाण्यातून ओढून घेतलेलं विष, फ्लोराईडसुद्धा. तो थर घासू नका, त्यातच औषधी गुण असतो.” असा मेसेज आमच्या भागात गावोगावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतो आहे. तिन्ही वाक्यं चुकीची आहेत आणि मधलं घातक आहे, म्हणून ते शेवटी घेतो.

आधी भेसळ. विजेच्या वायरीतलं तांबं 99.9 टक्के शुद्ध असतं, कारण भेसळीनं वीज वाहायला अडथळा होतो. तरी मोटरपंपाच्या वायरीचं उघडं टोक ओलाव्यात पडून राहिलं की आधी तपकिरी, मग काळपट, पुढे हिरवं होतं. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा 1886 साली उभा राहिला तेव्हा तांबूस होता, 1920 च्या सुमारास तो पुरता हिरवा झाला होता.

चकचकीत तांबं उजेडातला निळा-हिरवा भाग शोषतं आणि लाल-नारिंगी परत पाठवतं, म्हणून ते लालसर दिसतं. हवेतला ऑक्सिजन त्याच्या अणूंकडून इलेक्ट्रॉन घेतो. एक गेला तर तांबूस-तपकिरी ऑक्साईड तयार होतं. दोन गेले तर काळं, जे जवळजवळ सगळाच उजेड गिळतं. त्यात ओल आणि हवेतला कार्बन डायऑक्साईड मिळाला की बेसिक कॉपर कार्बोनेट बनतं. त्यातलं तांबं लाल उजेड शोषतं, म्हणून थर हिरवा दिसतो. संत्र्याच्या बागेत बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण करायला आणतो ते निळं मोरचूदही तांब्याचंच. तापवून त्यातलं पाणी उडवलं की ते पांढरं पडतं, पाण्याचा थेंब पडला की पुन्हा निळं. तांबं तेच, त्याच्याशी काय जोडलं गेलं त्यावर रंग ठरतो. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं आहे तिथं, तर खाऱ्या पाण्यातलं क्लोराईड तांब्याला आणखी लवकर खातं. यात दुकानदाराचा काय दोष?

थर घासू नका म्हणणं आपल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना पटणार नाही. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. आंबट पदार्थात हा थर विरघळतो आणि तांबं पोटात जातं. जास्त गेलं की मळमळ, उलटी, पोटात कळा. पिण्याच्या पाण्यात लिटरला 2 मिलिग्रॅमपेक्षा जास्त तांबं नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गडवा (पाणी प्यायचा तांब्या) नुसता तपकिरी झाला तर घाबरायचं कारण नाही. हिरवं दिसलं की चिंच-मीठ लावून घासा, स्वच्छ धुवा, आणि लिंबूपाणी त्यात ठेवू नका.

आता विष ओढून घेण्याचं. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातले जंतू कमी होतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. पण ते मरतात पाण्यात उतरलेल्या तांब्यामुळे. म्हणजे भांडं पाण्यातून काही काढत नाही, उलट स्वतःचं थोडं पाण्याला देतं. फ्लोराईड हा जंतू नव्हे. तो पाण्यात विरघळलेला असतो आणि तांब्याच्या भांड्यात ठेवल्यानं जात नाही. पाणी उकळलं तरी जात नाही, पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतंच. त्याला रंग नाही, वास नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या कितीतरी बोअरांना फ्लोराईड आहे. लिटरला 1 मिलिग्रॅम ही आपल्याकडची मर्यादा, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5. त्याहून जास्त फ्लोराईडचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की पोरांच्या दातांवर डाग पडतात, पुढे हाडं आखडतात. ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाहीत. हिरवा गुंड दाखवून अशा घराला “पाणी शुद्ध झालं” म्हणणं मला सहन होत नाही.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून मिळतं. ग्रामपंचायतीला सांगून बोअरचा नमुना पाठवा. फ्लोराईड जास्त निघालं तर ते पाणी धुण्या-भांड्याला ठेवा आणि पिण्यासाठी जवळच्या उथळ विहिरीचं पाणी तपासून घ्या. त्यात फ्लोराईड बहुतेकदा बोअरपेक्षा कमी असतं.